वकीलकाकांचा सल्ला

काळ्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास आला की वकीलकाका आठवतात. बारावीनंतर मला कायद्याची दोन कॉलेजं मिळाली होती. एक दूरचं, नावाजलेलं. दुसरं इथलंच, पूर्ण शिष्यवृत्तीचं. पहिल्यासाठी बाबा हिमायतनगरचं घर गहाण ठेवणार होते.

घरातले मोठे निर्णय काकांना विचारूनच व्हायचे. न्यायदेवतेवर पाऊण तास बोलून ते म्हणाले, "कॉलेज नावाचंच पाहिजे, मियाँ. जज आधी तेच विचारतो."

बाबांनी मान डोलवली. चहाचे कप उचलत आईनं विचारलं, "भावजी, तुमचं कॉलेज कुठलं?"

"इथलंच, कोठी भागातलं, संध्याकाळचं. पण आमचा जमाना वेगळा होता."

बाबांनी घराचे कागद परत कपाटात ठेवले. मला तेव्हा आईचा फार राग आला होता. आता रोज कोर्टातून पुढची तारीख घेऊन थकून येतो आणि याच घरात निवांत झोपतो.