नागपूरहून आलेला गंधार

सरकारी कॉम्प्युटरला भजनाला लावणारा माणूस उभ्या कोकणात एकच झाला आणि तो नेमका माझा साडू निघाला. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. साडूंच्या कचेरीत कॉम्प्युटर आला आणि गच्चीवर भलीमोठी डिश बसली. तिला सगळे परात म्हणत. त्या परातीच्या कृपेने नागपूरच्या कचेरीत मजकूर पाठवता येई, आणि तिथे तशाच यंत्रापुढे साडूंचा जिवलग दोस्त बदलीवर जाऊन बसला होता. मांडवीच्या आमच्या भजनात गळा साडूंचा आणि पेटी या दोस्ताची. चाली दोघांनी मिळून बांधायच्या. तो गेला आणि पेटी माझ्याकडे आली. ती काही गुणांवर आली नाही, माझ्या घरात ठेवायला कोपरा रिकामा होता म्हणून आली. माझं वादन पांढऱ्या पट्ट्यांवर चाले. काळ्या पट्ट्यांशी माझा नमस्कारापुरताच संबंध होता.

साडू तत्त्वाचे इतके पक्के, की सदऱ्याचं बटण तुटलं तर दिवसभर छातीवर हात धरून बसतील, पण कचेरीची टाचणी लावणार नाहीत. असा माणूस सरकारी लाईनीवरून भजनं पाठवतो याचं मला नवल वाटे. मी विचारलं तर म्हणाले, "साडूबुवा, खुशाली विचारणं हे खाजगी. ते करायचं नाय. सूर कुणाच्या मालकीचे असतात काय?" पत्र लिहिण्याचा दोघांनाही मनापासून कंटाळा. त्यामुळे काम आटोपलं की साडू स्वतः रचलेले शब्द इंग्रजी अक्षरांत पाठवत आणि दोस्त तिकडून त्यांची चाल पाठवी, सा रे ग म ची एसआरजीएम करून. एकदा साहेबांनी यंत्रातून छापून आलेला चालीचा कागद उचलला. साडू म्हणाले, "लाईन तपासतोय, साहेब." साहेबांनी कागद लांब धरून दोन ओळी वाचल्या आणि म्हणाले, "तपासा. पण समेवर या."

एकदा साडूंनी गवळण रचली. कृष्ण मथुरेला निघालाय, गवळणी रथ अडवून रडताहेत. नागपूरहून चाल आली ती शाळेच्या प्रार्थनेसारखी टवटवीत. आम्ही ती झोकात म्हटली. लोकांनी ठेका धरला. माझ्या मेव्हणीने, म्हणजे साडूंच्या बायकोने, घरी येताना विचारलं, "कृष्ण गेला म्हणून बायका एवढ्या खूश कशा हो?" साडू म्हणाले, "त्याला नागपूर मानवलंय. चाली बघ कशा खुशीत येतात." त्यांनी हे हसून सांगितलं, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी मात्र खूश होतो. एकाही चालीत काळी पट्टी नव्हती, म्हणजे दोस्त माझी पोच ओळखून खास माझ्यासाठी सोपं पाठवतोय अशी माझी खात्री झाली होती. त्याच सुमारास साडूंच्या कचेरीतली एक जागा रिकामी झाली. दोस्ताने अर्ज केला असता तर मिळणारी होती. मी आठवण करून दिली, तर साडू म्हणाले, "कशाला हो? सुखात आहे तो. नायतर माझ्या भिडेपोटी यायचा." त्या जागेवर दुसरं कुणी आलं.

शिमग्याला दोस्त रजेवर आला. आम्ही त्याच्या मानासाठी तीच गवळण काढली. दुसऱ्या ओळीला त्याने माझा हात धरला.

"हे काय वाजवतोयस?"

"तुमचीच चाल," मी जरा फुशारकीनेच म्हणालो.

"माझी? भैरवी आहे ती. गंधार कोमल, धैवत कोमल, सगळे कोमल, काळ्या पट्ट्यांवरचे. बारक्या एबीसीडीत टाईप केले होते ना मी."

साडूंच्या कचेरीतलं छापायचं यंत्र जुनं. त्याला मोठी एबीसीडी तेवढी येत होती. लहानमोठं सगळं ते एकाच मापाने छापायचं. वर्षभर त्या माणसाचे कोमल सूर परातीपर्यंत नीट येत होते आणि कागदावर उतरताना ताठ होत होते. त्याने पेटी ओढून घेतली आणि गवळण वाजवली. मेव्हणी स्वयंपाकघरातून येऊन दाराशी उभी राहिली. मला माझ्या बोटांची लाज वाटली.

साडूंनी टाळ खाली ठेवले. "नागपूर मानवलं नाय तुला?"

"एक दिवस नाही. तुला कळवत तर होतो."

"इथली जागा रिकामी झाली होती रे," साडू म्हणाले. "मीच कळवलं नाय."

दोस्ताचा भात्यावरचा हात क्षणभर अडला. मग तो म्हणाला, "असू दे. तू गा."

साडू गायला लागले, पण रथ निघतो त्या ओळीला त्यांचा सूर सुटला. दोस्त थांबला नाही. तीच ओळ तो पुन्हा पुन्हा वाजवत राहिला, साडूंना सूर परत सापडेपर्यंत. सोमवारी त्याला नागपूरला हजर व्हायचं होतं.