लिलावात राहिलेला भोपळा

दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हाची गोष्ट. बेळगावहून निपाणीकडं जाणाऱ्या रस्त्यालगत महारोग्यांसाठी एक आश्रम होता. तिथं मी जखमा धुऊन पट्ट्या बांधायचं काम करत होते. काम मनापासून करायचे, हे खरं. पण ते करताना मला कुणीतरी बघावं असंही वाटायचं, हेही तितकंच खरं.

भाताची कापणी झाली की आमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण असायचा. ज्याच्या शेतात-परसात जे पिकलं असेल ते तो देवापुढं आणून ठेवी, आणि उपासना संपली की अंगणात त्याचा लिलाव होई. आश्रमातली माणसं उपासनेला येत, पण बाहेर चिंचेखाली बसून ऐकत. त्यांनी आत यावं असं कुणी म्हणत नव्हतं आणि तीही विचारत नव्हती.

त्या वर्षी आश्रमातल्या एका म्हातारीनं लाल भोपळा दिला. आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो. तिच्या दोन्ही हातांची बोटं झडली होती. दोन मनगटांत खुरपं धरून तिनं आळं केलं होतं, वेल झोपडीवर चढवला होता. सणाच्या आदल्या दिवशी भोपळा माझ्यापुढं ढकलत ती म्हणाली, "बाई, माझं डांगर देवाम्होरं ठेवा. आजवर समद्यांचं घेतच आले. कुणीतरी माझ्या हातचं घेतलं तर लई बरं वाटंल बघा."

उपासनेत चर्चच्या पाळकसाहेबांनी माझं उदाहरण दिलं. रोग्यांना शिवणारे हात म्हणजे प्रभूचेच हात, असं काहीसं ते बोलले. मी मान खाली घातली. नम्र दिसायला ते बरं पडतं.

मग लिलाव सुरू झाला. लढाईमुळं बाजारात काही धड मिळत नव्हतं, त्यामुळं लोक हमरीतुमरीवर आले होते. एका खुडूक कोंबडीवरून दोन मास्तरांत जुंपली. तेवढ्यात पाळकसाहेबांनी भोपळा उचलला, "हा आश्रमातून आलाय," म्हणाले आणि बोली विचारली, पण कुणीच बोली लावली नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. चिंचेखाली आक्का गुडघ्यांवर उठून बघत होती.

पाळकसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. जिच्या जखमा मी रोज धूत होते, तिच्या वेलाचा भोपळा मला काय करणार होता? भीती त्याची नव्हतीच. मी आश्रमात कामाला लागल्यावर शेजारणींनी माझ्या घरचा चहा घेणं सोडलं होतं. आता कुठं त्या पुन्हा येऊ लागल्या होत्या. प्रभूचे ते हात मी पदराखाली घेतले.

पाळकसाहेबांनी भोपळा पायरीवर ठेवला आणि मेथीची जुडी उचलली. सगळे पांगल्यावर मी तो घेऊन चिंचेखाली गेले आणि म्हटलं, "आक्का, मीच घेतला हं."

"बाई, मी बघिटलं न्हवं का," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथून निघून जावं असं वाटत होतं, तर तिनंच घाईनं विचारलं, "उद्या पट्टी बांधाय येताय न्हवं? ह्याच्यापायी लाजून ऱ्हाऊ नगासा."

क्षमेविषयी मी आश्रमात कितीतरी वेळा बोलले होते. ती अशी समोर बसून आपल्यालाच धीर देते, हे मला ठाऊक नव्हतं. सेवा म्हणजे देणं, एवढंच मी शिकले होते. तिच्या हातचं घ्यायची वेळ आली तेव्हा मी सगळ्यांदेखत नापास झाले.

"घेतलं म्हनलाईसा तर खावा मग," ती हसत म्हणाली.

संध्याकाळी मी भोपळा चिरला, फोडणीला टाकला आणि पोटभर खाल्ला. गोड होता. शेजारणीला वास गेला असावा. "काय शिजतंय गं?" म्हणून तिनं बाहेरून हाक मारली. मी ओ दिली नाही. दार मी आधीच लावून घेतलं होतं.