गुणपत्रिकेची मागची बाजू

विद्यापीठाच्या विद्यार्थी केंद्रात मी पहिले दीड महिने फक्त पाणी प्यायला जात होते.

काचेची तीन मजली इमारत. दाराशीच मोठा फलक होता आणि आत काय काय आहे ते त्यावर चित्रांसकट लिहिलेलं होतं. झेरॉक्स आणि स्टेशनरी, कॉफी, औषधं, सलून, कपडे धुण्याची मशीन, वाचनकक्ष, जिम, विश्रांती कक्ष. यातलं माझ्यासाठी काय आहे आणि काय नाही, ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. पाण्याच्या मशीनवर ‘विद्यार्थ्यांसाठी’ अशी चिठ्ठी चिकटवलेली होती, म्हणून तेवढं मी न घाबरता वापरायचे. विश्रांती कक्षात भर दुपारी मुलं झोपलेली दिसायची. आमच्याकडे दुपारी कुणी आडवं झालं की आधी कपाळाला हात लावून बघतात. मला बरेच दिवस वाटत होतं, की ती खोली आजारी मुलांची आहे. कॉफीच्या दुकानापुढे पिवळ्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. त्या दुकानाच्या की केंद्राच्या, ते कळेना. काही न घेता बसलं आणि कुणी उठवलं तर काय, म्हणून मी डबा मागच्या जिन्यात बसून खायचे.

मी वाशीमकडची. घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे हे असलं विचारायला कुणी नव्हतं. पुण्यात मी धायरीला, वडिलांच्या मावसबहिणीकडे राहत होते. मी तिला आत्या म्हणते. दोन खोल्या आणि आतल्या खोलीत खिडकीजवळ माझी खाट. दिवाळीनंतर आत्याच्या मुलाचं लग्न होतं. आत्या मला एका शब्दानेही काही बोलली नाही. पण एका रविवारी मी अंघोळ करून आले, तर ती टेप घेऊन माझ्या खाटेची लांबी मोजत होती. मला बघून म्हणाली, “काही नाही गं, कपाट बसतं का बघत होते.” त्या दिवसापासून मला तिथे झोप लागेना.

वसतिगृहाच्या पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. दुसऱ्या यादीत आलं. बारावीची मूळ गुणपत्रिका घेऊन शुक्रवारी साडेपाचच्या आत विद्यार्थी केंद्रात, पहिल्या मजल्यावरच्या खिडकीवर यायचं होतं. गुरुवारी मी बाबांना फोन केला.

“भेटली जागा त राह्य,” ते म्हणाले. “नाही भेटली त घरी ये. पुढच्या वर्षी पाहू.”

पुढच्या वर्षी पाहू, याचा आमच्या घरातला अर्थ मला माहीत होता. माझ्या मोठ्या बहिणीचं नर्सिंगही पुढच्या वर्षी पाहायचं ठरलं होतं. आता तिला दोन मुलं आहेत.

फोन ठेवताना बाबा म्हणाले, “आन तो असली कागद बसमधी नेशीन. लॅमिनेशन करून घेजो आधी.”

बाबांचा बसस्टँडसमोर पानठेला आहे. त्यांचा दिवस ओल्या पानांत आणि चुन्यात जातो. कागद कसा खराब होतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसेल. घरातली सगळी महत्त्वाची कागदपत्रं त्यांनी प्लास्टिकमध्ये बंद केलेली आहेत, आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्यासकट. फक्त माझी गुणपत्रिका राहिली होती, कारण ती मी घाईत घेऊन आले होते.

शुक्रवारी दुपारी तास संपल्यावर मी केंद्रातल्या स्टेशनरीच्या दुकानात गेले. दुकानदारकाकांनी गुणपत्रिका प्लास्टिकमध्ये सरकवली, मशीनमधून काढली आणि कडा कापून दिल्या. ती गरम आणि चकचकीत होती. इमारतीतल्या एका दुकानातून मी पहिल्यांदाच काहीतरी करून घेतलं होतं, आणि मला स्वतःबद्दल बरं वाटलं.

लिफ्टमध्ये शून्य, एक आणि दोन असे आकडे होते. मी उभी होते तो मजला शून्य की एक, याचा विचार करत मी दोनदा वरखाली केलं. शेवटी जिन्याने गेले. खिडकीमागे चष्मा कपाळावर चढवलेले एक गृहस्थ होते. त्यांनी गुणपत्रिका हातात घेतली, पुढून पाहिली, मागून पाहिली.

“हे काय?”

“लॅमिनेशन केलंय, सर.”

“ते दिसतंय मला. आपण सूचना वाचली होती का?”

“वाचली होती.”

“शेवटची ओळ?”

शेवटची ओळ मला पाठ होती. मूळ गुणपत्रिकेच्या मागील बाजूस वसतिगृह प्रवेशाचा शिक्का मारण्यात येईल. मी ती म्हणून दाखवली. म्हणता म्हणता माझा आवाज बारीक होत गेला.

“अगदी बरोबर,” ते म्हणाले. “आता प्लास्टिकवर शिक्का कसा मारायचा, ते आपणच सांगा. आपण दोन ठिकाणी खोल्या घेऊ नयेत म्हणून तो असतो. रुमालाने पुसता आला तर मारून काय फायदा?”

“मग मी काय करू?”

“मला काय विचारता? मी साडेपाचला खिडकी बंद करतो. राहिलेल्या जागा प्रतीक्षा यादीला जातात.”

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला दहा मिनिटं होती.

मी खाली स्टेशनरीच्या दुकानात आले. गुणपत्रिका काउंटरवर ठेवली आणि विचारलं, “काका, हे काढता येईल का?”

“अहो, ते काय उशीचा अभ्रा आहे का, घातला आणि काढला?”

तुम्ही सांगायला हवं होतं, असं माझ्या मनात आलं, पण तोंडातून निघालं नाही. ते त्यांना चेहऱ्यावरून कळलं असावं.

“मुलं इथे वाळलेल्या पिंपळपानापासून काय वाटेल ते घेऊन येतात,” ते म्हणाले. “प्रत्येकाला का म्हणून विचारत बसलो तर संध्याकाळ होईल.” मग त्यांनी प्लास्टिकची कड नखाने खरवडून पाहिली. “गरम केलं तर सुटतं म्हणतात. मी कधी केलेलं नाही. केलं आणि फाटलं तर माझ्याकडे यायचं नाही. कपडे धुण्याच्या खोलीत इस्त्री असेल, बघा.”

त्या खोलीत इस्त्री नव्हती. माणूसही नव्हतं. गोल काचेची दारं असलेली सहा मशीन होती. तीन कपडे धुणारी, तीन वाळवणारी. वाळवणाऱ्या मशीनवर गरम हवेचं चित्र होतं. आत एक निळी जीन्स गरगर फिरत होती. मी खरंच विचार केला, की गुणपत्रिका आत टाकली तर. मग ती जीन्ससारखी आपटताना डोळ्यांपुढे आली आणि मी मागे सरले. मशीन थांबलं तरी गरम हवेचा आवाज येतच होता. तो भिंतीपलीकडून येत होता. पलीकडे सलून होतं.

सलूनच्या काचेवर लिहिलं होतं, वेळ ठरवून यावे. मी काही ठरवलं नव्हतं, म्हणून बाहेरच उभी राहिले. थोड्या वेळाने आतल्या ताईंनीच दार उघडलं.

“किती येळ उभी हायस? दार ढकलायचं की. केस कापायचेत?”

“नाही. हा कागद.”

खुर्चीत एक बाई बसल्या होत्या, केस रंगवायला डोक्यावर चांदीच्या कागदाच्या घड्या लावलेल्या. ताईंच्या हातात ड्रायर तसाच होता. मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. प्लास्टिक, शिक्का, साडेपाच, असं उलटसुलट काहीतरी सांगितलं असणार. वसतिगृह नाही मिळालं तर घरी जावं लागेल, हे मात्र दोनदा सांगितलं.

“मला अजून वीस मिनिटं आहेत,” चांदीवाल्या बाई आरशात बघत म्हणाल्या. “करा तिचं. मलाही बघायचंय.”

ताईंनी गुणपत्रिका टॉवेलवर पालथी घातली. “शिक्का कुठल्या बाजूला?”

“मागच्या.”

“मग पुढची कशाला सोडवायची? छापलेलं उचललं गेलं तर तुझे मार्क जातील. पुढचं प्लास्टिक राहू दे हाय तसं.”

मला हे सुचलंच नव्हतं. एक बाजू सोडून दुसरी काढता येते, असं मला वाटलंच नव्हतं. त्यांनी कात्रीने कड अगदी बारीक कापली, ड्रायर सुरू केला आणि कंगव्याचं टोकदार शेपूट प्लास्टिकखाली घातलं. गरम प्लास्टिकचा वास आला. बोटभर सुटलं. मग चार बोटं. माझ्याकडे बघू नको, त्या म्हणाल्या, तू बघितलंस की माझा हात हलतो. म्हणून मी चांदीवाल्या बाईंकडे बघत बसले आणि त्या माझ्याकडे.

प्लास्टिक निघालं, पण त्याच्यासोबत कागदाचा एक पातळ थरही निघाला. जूनमध्ये विद्यापीठाने प्रवेशाचा शिक्का तिथे मारला होता. तो अर्धा कागदावर राहिला आणि अर्धा प्लास्टिकवर आला. आता वरचे गृहस्थ म्हणतील, जुना शिक्का खोडलात.

“फेकू नकोस ते,” ताई म्हणाल्या. “कागदासंगट ने. अर्धा हितं, अर्धा तिथं. कुणालाबी दिसंल. आन हॉस्टेलला आलीस की केस कापायला ये. टोकं फुटलीत सगळी.”

पाच वाजून दहा मिनिटांनी मी पुन्हा खिडकीवर होते. गृहस्थांनी कागदाच्या लव आलेल्या पाठीवरून बोट फिरवलं.

“कुणी काढलं?”

“सलूनमध्ये.”

त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. “सलूनमध्ये,” ते म्हणाले. मग त्यांनी प्लास्टिकचा तुकडा कागदावर ठेवून बघितला, जरासा सरकवला. शिक्क्याचे दोन अर्धे जुळले. ते बराच वेळ तसेच बघत राहिले. मला वाटलं, नाही म्हणणार. त्यांनी शिक्का शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर मारला. शाई त्या लवेत पसरली, पण अक्षरं वाचता येत होती. शेजारी त्यांनी एक ओळ लिहून सही केली आणि प्लास्टिकचा तुकडा स्टेपल करून टाकला.

“वाळू द्या. आणि आता कृपा करून हे पुन्हा लॅमिनेट करू नका.”

शाई वाळेपर्यंत कागद कुठेतरी पसरून ठेवायचा होता, म्हणून खाली आल्यावर मी पहिल्यांदा त्या पिवळ्या खुर्चीत बसले. गुणपत्रिका टेबलावर पालथी पसरून ठेवली आणि बाबांना फोन लावला. ठेल्यावर गर्दी होती, मागे बसचा भोंगा वाजत होता.

“भेटली जागा,” मी म्हटलं.

ते म्हणाले, “लॅमिनेशन केलं होतं ना?”

“केलं. पण आता एकाच बाजूनं आहे.”

“काहून?”

कुठून सुरुवात करावी ते मला कळेना. लॅमिनेशनमुळेच जागा जात होती, हे त्यांना सांगावं की नाही, तेही कळेना. “मागच्या बाजूला शिक्का मारायचा असतो, बाबा,” मी म्हटलं.

“हां,” ते म्हणाले. मग फोन तोंडापासून दूर धरून ठेल्यावरच्या कुणाला तरी सांगताना ऐकू आले, “माह्या पोरीनं एकच बाजू केली. मांगं शिक्का असते म्हने. तिले समजते सारं.”

कॉफीच्या दुकानातला माणूस फडकं घेऊन टेबल पुसायला आला, तशी मी गुणपत्रिका उचलून उठायला लागले.

“बसा,” तो म्हणाला आणि पलीकडचं टेबल पुसायला गेला.

मी बसले. खुर्च्या कुणाच्या, ते त्याला विचारावं असं वाटत होतं, पण शाई अजून वाळायची होती.