मिठाचं कोमट पाणी

शेजारचे फिटरकाका प्लांटातल्या रशियन साहेबांशी हातवारे करत चक्क वऱ्हाडीत बोलत, आणि साहेबांना ते कळे. मी नागपूरला फ्रेंच घेऊन एम.ए. करतो, याचं कौतुक माझ्या वडिलांपेक्षा त्यांनाच जास्त. सुट्टीत भिलाईला आलो, तर एका साहेबालाच ते आमच्या घरी घेऊन आले.

"बोल बाबू, सायबाले तुही फ्रेंच येते."

साहेबांनी फ्रेंचमध्ये माझी साधी विचारपूस केली. पुस्तकंच्या पुस्तकं वाचलेल्या माझ्या तोंडून एक वाक्य निघेना.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या गळ्याला हात लावून ते साहेबांना म्हणाले, "पोराचा गळा बसला जी." आणि घरून मिठाचं कोमट पाणी घेऊन आले.

साहेब गेले तरी मी मोरीत गुळण्या करतच राहिलो. काकांना तोंड दाखवायची हिंमत नव्हती.