जप्तीचा घोडा आणि शुक्रवारचा हप्ता

घोडा जप्त केला तेव्हा तो खात होता. मी पंचनामा लिहीत होतो, तेव्हाही तो खातच होता. पंचांपैकी एकाने सही केली, दुसऱ्याने अंगठा उठवला, तरी त्याचं तोंड तोबऱ्यातून वर आलं नाही. जप्तीला इतक्या निवांतपणे सामोरा गेलेला प्राणी माझ्या सगळ्या नोकरीत दुसरा भेटला नाही.

घोड्याचं नाव बादशहा. त्याचा मालक सखाराम टांगेवाला मात्र घोड्याच्या मानेला मिठी मारून ओक्साबोक्शी रडत होता. त्याची बायको ठकूबाई दारात उभी राहून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. त्याची मला सवय होती. मी कर्जतच्या दिवाणी कोर्टात बेलिफ. जज्जसाहेब खुर्चीत बसून हुकूम देतात आणि तो हुकूम उन्हातान्हात लोकांच्या दारी नेतो तो बेलिफ. समन्स आम्ही बजवायचं, जप्ती आम्ही करायची आणि शिव्याही आम्हीच खायच्या. चहाला मात्र बेलिफाला कोणी विचारत नाही.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी बसून होत्या आणि टांगेवाल्यांची चंगळ होती. कर्जत स्टेशनावर उतरलेला माणूस खालापूरच्या कचेरीत जायला टांगेवाला मागेल ते देत होता. मग सखाराम कर्जात कसा? तर गडी शौकीन. टांग्याला नवा रंग, पितळी कंदील, बसायला मखमली गादी, बादशहाच्या डोक्यावर लाल तुरा. हे सगळं वामनशेठच्या पैशावर. वामनशेठची स्टेशनाजवळ भातगिरणी होती आणि जोडीला सावकारी. शेठने दिलं, सखारामने घेतलं, आणि व्याज दोघांच्याही नकळत वाढलं, असं सखाराम म्हणायचा. शेठच्या नकळत काही वाढत असेल यावर माझा विश्वास नाही.

शेठने दावा लावला आणि जिंकला. पण दावा जिंकला म्हणजे पैसे मिळाले असं नसतं. त्यासाठी वेगळी दरखास्त द्यावी लागते, म्हणजे "हुकूम झाला, आता वसूल करून द्या" असा अर्ज. शेठने तो दिला आणि घोडा-टांगा दोन्ही जप्त करवले. टांगा काही बोलत नाही. घोड्याचं तसं नसतं.

घोडा घेऊन मी कोर्टात आलो. नाझर जोगळेकर टेबलाशी बसले होते. नाझर म्हणजे कोर्टात जमा होणाऱ्या पैशांचा आणि आम्हा बेलिफांचा वरिष्ठ. त्यांनी शेठला समोर बसवलं.

"शेठ, खुराकाचे पैसे भरा."

"कुणाच्या?"

"घोड्याच्या."

"घोडा सखारामचा!"

"जप्ती तुमची," नाझर म्हणाले. "जो जप्ती आणतो, तो जनावराला पोसतो. तेही आगाऊ. कायदा आहे."

शेठचा चेहरा असा झाला की जणू कायद्यानेच त्यांच्याकडून पैसे उसने घेतलेत. कोंडवाड्यात ठेवायचं तर त्याचं भाडं आणखी वेगळं. शेठने विचार केला आणि म्हणाले, "माझ्या गिरणीच्या आवारात बांधा. कोंडा ढीगभर पडलाय, तो खाईल."

बादशहाने कोंड्याला तोंड लावलं नाही. सखाराम रोज संध्याकाळी कुंपणाबाहेर उभा राहून बघायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टात हजर. "नाझरसायेब, घोडा उपाशी हाय. मेला तर कोनाच्या नावावर?" नाझर शेठला बोलावून सांगायचे की ताब्यातलं जनावर दगावलं तर किंमत भरून द्यावी लागेल. चणे तेव्हा सोन्याच्या भावात. शेठने कुठून आणले ते मी विचारलं नाही, सरकारी नोकराने विचारू नये. पण बादशहा ते मनापासून खायचा, आणि शेठ शेजारी उभे राहून मूठ मूठ मोजायचे.

दुसरी भानगड गाडीच्या शिट्टीची. बादशहाचा जन्म टांग्याच्या अड्ड्यावर गेलेला. पुण्याकडची गाडी घाटातून उतरून शिट्टी घालायची, तसा तो खुंटा उपटून स्टेशनाकडे सुटायचा आणि अड्ड्यावर आपल्या जागी जाऊन उभा राहायचा. जप्तीतला माल, हरवला तर जबाबदारी माझी. म्हणून गिरणीतून निरोप आला की मी धोतर वर खोचून पळायचो. अड्ड्यावरचे टांगेवाले टाळ्या पिटायचे. "बेलिफसायेब, समन्स नीट बजावा, नायतर घेनार नाय तो!"

चार-सहा वेळा पळाल्यावर माझं डोकं फिरलं. मी शेठच्या पेढीवर गेलो.

"शेठ, हप्ते करून घ्या. घोडा सोडा, सखाराम दर आठवड्याला फेडील."

बेलिफाने खरं तर असलं काही सुचवायचं नसतं. पण घोड्यामागे पळणंही बेलिफाच्या कामात कुठे लिहिलेलं नव्हतं. एकदा हुकूमनामा झाला की धनको कबूल असल्याशिवाय कोर्टालाही हप्ते पाडून देता येत नाहीत. धनको म्हणजे ज्याचं येणं आहे तो. म्हणजे सगळं शेठच्या हो म्हणण्यावर होतं.

"लिलाव करा," शेठ म्हणाले.

"करू की. जाहीरनामा लागेल, मुदत जाईल, तोवर चणे चालूच. आणि हा शिट्टी ऐकून पळणारा घोडा घेणार कोण?"

तेवढ्यात शेठचा मुनीम आत आला. गिरणीच्या परवान्यासाठी खालापूरला जायचं होतं आणि दुसरा टांगेवाला दुप्पट मागत होता. शेठने माझ्याकडे बघितलं, मुनीमाकडे बघितलं, खिडकीतून बादशहाकडे बघितलं. बादशहा चणे चघळत होता.

"किती हप्ता देईल तो?" शेठने विचारलं.

आता हप्ता ठरवायचा म्हणजे आधी कमाई कळायला हवी. सखारामच्या ओट्यावर मी बसलो. या वेळी ठकूबाईने शिव्या दिल्या नाहीत, पण चहाही दिला नाही.

"दिवसाला मिळतं किती रे?"

"तसं काय सांगता येत न्हाय, सायेब. कदी हाय, कदी नाय."

"मी सांगते," ठकूबाई आतून म्हणाली आणि बाहेर आली. नवऱ्याच्या खिशात सकाळी काय असतं, संध्याकाळी काय उरतं आणि मधल्यामधी कुठे जातं, हे तिला तोंडपाठ होतं. पैसे तिच्या हातात मात्र कधी पडले नव्हते. मी तिलाच विचारून बेत ठरवला. गुरुवारी बाजार, त्या दिवशी टांगा सगळ्यात जास्त चालतो. ती कमाई शेठची, पाच रुपये. बाकीच्या दिवशी आधी वैरण आणि चणे, मग घर. नालबंद आणि सुतार यांचंही थोडं देणं होतं, ते महिन्याआड एकेकाचं. आणि पैसे सगळे ठकूबाईकडे.

"अत्तर बंद," ती म्हणाली.

"बरं."

"तमाशा बंद."

"बरं गं बाई."

"त्या घोड्याचा तुरा..."

"तुरा ऱ्हाऊ दे गं! त्येनं काय खाल्लं तुजं?"

ती हसली. मग एकदम तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "भाऊ, घोडा परत येऊ द्या. हा मानूस टांग्यावर बसला तर राजा हाय. स्टेशनात हमाली करायला लागला तर मरंल." सखाराम खाली बघत राहिला. मलाही गलबलून आलं. बेलिफ झालो म्हणून काय झालं?

हप्त्यांचा बेत कोर्टापुढे गेला. जज्जसाहेब सोलापूरकडचे, शांत माणूस. त्यांनी शेठला विचारलं, "कबूल?"

"कबूल, साहेब. गुरुवारी बाजाराची कमाई होते, तर हप्ता शुक्रवारी ठेवा. पण एक जरी चुकला, तरी घोडा पुन्हा जप्त आणि थेट लिलाव."

साहेबांनी सखारामला विचारलं. त्याने हात जोडले. कोर्टात साहेबांसमोर तो कशालाही हात जोडायचा. हुकूम लिहिला गेला. बादशहा सुटला, आणि अड्ड्यावर त्या दिवशी नारळ फुटला. त्यातलं खोबरं मलाही मिळालं, म्हणजे बघा.

पहिला शुक्रवार उजाडला. कोर्ट भरलं, उन्हं वर आली, सखाराम आला. हात रिकामे आणि चेहरा पडलेला.

"पैसे?"

"हायेत, सायेब. पाचच्या पाच हायेत. पन बाई देत नाय."

मी कपाळाला हात लावला आणि त्याच्याबरोबर घर गाठलं. ठकूबाई देवीसमोर बसली होती. पैसे देवीपुढे, हळद-कुंकू वाहिलेले.

"ठकूबाई, हप्ता द्या. चुकला तर घोडा जाईल!"

"आज शुक्रवार हाय, भाऊ. शुक्रवारी घरातली लक्ष्मी भायेर काडत न्हाईत. उद्या सकाळी म्या सोता आनून देते."

"कोर्टाचा हुकूम आहे!"

"कोर्टाला घर हाय का? तुमच्या घरी देतात का शुक्रवारी?"

आमच्या घरी शुक्रवारी दूधवाल्यालासुद्धा पैसे मिळत नसत. आमची ही तर त्याला उंबऱ्यातूनच परतवायची.

"अगं, पन घोडा!" सखाराम कळवळला.

"घोडा देवी राखील. पैसं दिलं आनि लक्ष्मी रुसली, तर पुढचे हप्ते कोन देनार? तुमी?"

आम्ही दोघे रस्त्याने परत निघालो. जप्ती पुन्हा मलाच करायची होती. तोच पंचनामा, तोच तोबरा, तीच गळामिठी. मला खरोखर वाईट वाटत होतं, आणि रागही येत होता. शेठने वार सुचवला तेव्हा त्यांच्या मिशीत हसू होतं का, ते मी आठवून बघत होतो.

कोर्टात पोचलो तर शेठ नाझरांच्या टेबलाशी बसलेले. अर्ज तयार.

"हप्ता आला नाही. माणूस रिकाम्या हाताने येऊन गेला, सगळ्यांनी बघितलं. आता जप्ती काढा."

नाझरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. ते उसासा टाकून म्हणाले, "ठीक आहे. हुकूम तसाच आहे. द्या अर्ज." शेजारी उभ्या सखारामने नाझरांपुढे हात जोडले.

नाझरांनी अर्ज उलटासुलटा करून बघितला. पंचवीस वर्षं जे विचारत आले, तेच त्यांनी सवयीने विचारलं.

"तलबाना भरा." तलबाना म्हणजे बेलिफाला पाठवण्याची कोर्टाची फी. "आणि खुराकाचे आगाऊ."

शेठचा हात कोटाच्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. हात रिकामाच बाहेर आला.

"उद्या भरतो."

"उद्या का? पैसे आणले नाहीत?"

"आणलेत हो. पण आज शुक्रवार. आमच्यात शुक्रवारी पैसा बाहेर देत नाहीत."

नाझरांनी चष्मा कपाळावर सरकवला. शेठला स्वतःचं बोलणं हळूहळू ऐकू आलं असावं, कारण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या.

"शेठ," मी म्हटलं, "ठकूबाईकडे पण आज शुक्रवारच आहे हो!"

नाझर इतक्या मोठ्याने हसले की जज्जसाहेबांनी शिपाई पाठवून आम्हा सगळ्यांना आत बोलावलं. काय झालं ते साहेबांना सांगावं लागलं. साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. रुमालामागे ते काय करत होते ते आम्हाला कळत होतं. मग घसा साफ करून त्यांनी शेठला विचारलं, "फीशिवाय अर्ज घेता येत नाही. फी भरताय आज?"

शेठ खाली बघत म्हणाले, "नको, साहेब."

"मग हप्त्याचा वार बदलायला हरकत आहे?"

"नाही, साहेब."

शनिवार ठरला. सखाराम पुढे झाला आणि आधी साहेबांच्या, मग नाझरांच्या आणि मग चक्क शेठच्या पाया पडला. शेठ दोन पावलं मागे सरकले.

दुसऱ्या दिवशी कोर्ट उघडायच्या आधीच ठकूबाई पायरीवर बसलेली. पदराची गाठ सोडून तिने पैसे नाझरांसमोर ठेवले. "दर शनवारी मारुतीला तेल घालायला येते. मारुतीला तेल आनि तुमाला पैसं, एकाच फेरीत."

तसंच झालं. मध्ये एकदा बादशहाचा खूर दुखावला आणि हप्ता मागेपुढे झाला, तेव्हा शेठनेच थांबायचं कबूल केलं. त्यांनाही खालापूरला जायचं असायचं. लढाई संपायच्या आत कर्ज फिटलं, नालबंद आणि सुतारही मोकळे झाले. टांगा शेवटपर्यंत सखारामचाच राहिला. पैसे मात्र ठकूबाईने पुन्हा त्याच्या हाती दिले नाहीत.

पुढे नोकरीत मी पुष्कळ हप्ते ठरताना पाहिले. वकील लोक मुद्दलावर भांडतात, व्याजावर भांडतात, मुदतीवर तासन्‌तास घालवतात. सगळं ठरलं की मी मागून हळूच विचारायचो, "वार घरी विचारलात का?" वकील हसायचे. हसू देत. चुकलेल्या हप्त्याच्या जप्तीला त्यांना जावं लागत नाही.