वरनं आलंय!

आमच्या शाहूपुरीत इकबालचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. तिथं दोन गोष्टींचा ढीग कायम वाढतच असतो, एक बंद पडलेल्या सीपीयूंचा आणि दुसरा किश्शांचा. सीपीयू कधीतरी भंगारात जातात. किस्से कोण नेणार? शेजारीच माझं बेअरिंगचं दुकान, त्यामुळं निम्मे माझ्याच गळ्यात पडलेत. त्यातले हे थोडे ऐका.

*

गडमुडशिंगीचे अण्णा रोज दूध घालून झालं की इकबालकडं चहाला टेकतात. अण्णांचा ईमेल इकबालनंच काढून दिला. तसा आम्हा सगळ्यांचाच त्यानंच काढला, आणि पासवर्डही त्यालाच पाठ. आम्हाला कशाला डोक्याला ताप?

एकदा अण्णांना मेल उघडायचा होता. इकबाल रस्त्याच्या पलीकडं वडापाव आणायला गेलेला. अण्णांनी दुकानाच्या पायरीवरनं आवाज दिला, “इकबाल! पासवर्ड चंद्री हाय का सुंदरी?”

पलीकडनं उत्तर आलं, “चंद्री! सुंदरी तुम्ही इकली की मागल्या साली!”

त्या दिवसापासून अख्ख्या रस्त्याला अण्णांचा पासवर्ड आणि म्हशींचा हिशेब, दोन्ही ठाऊक आहेत.

*

आता गोपनीय पाटलांची ओळख करून देतो. पोलिसांत गोपनीय म्हणून एक काम असतं. गावात कोण मोर्चा काढतंय, कोण उपोषणाला बसतंय, ते कुणाला न कळता हेरायचं आणि वर कळवायचं. पाटील हवालदारांना ते काम मिळालं, आणि दुसऱ्याच दिवशी चौकात दहा फुटी फ्लेक्स लागला. पाटलांचा गॉगल घातलेला फोटो, खाली मित्रमंडळाची पंधरा डोकी, आणि वर ठळक अक्षरात: “गोपनीय विभागात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!”

साहेबांनी फ्लेक्स उतरवायला लावला म्हणे. पाटील म्हणाले, “उतरवतो साहेब, पण पोरांनी हौसेनं लावलाय. रविवारपर्यंत तरी राहू दे की!”

*

पण माणूस सरळ. साध्या कपड्यात यायचे, चहा घ्यायचे आणि तोंडावर विचारायचे, “काय अण्णा, या आठवड्यात काय आंदोलन-बिंदोलन?”

अण्णाही मोकळेपणी सांगायचे, “सोमवारी रास्ता रोको धरलाय.”

“सोमवारी नगा ओ! मंत्र्यांचा दौरा हाय, माझं हाल हुतील. मंगळवारी घ्या.”

मग मंगळवार ठरायचा. सरकारनं आमच्यावर नजर ठेवलेली होती, पण ती चहाच्या कपावरनं. आम्हाला बघणारा दिसत होता. त्याचं काही वाटायचं नाही.

*

मग ओढ्याचं प्रकरण आलं. अण्णांच्या रानाकडेनं जाणाऱ्या ओढ्यात एक कारखाना काळं पाणी सोडतो. चंद्री ते पाणी पिऊन आजारी पडली, शेजारची दोन रेडकं तर गेलीच. अण्णा, इकबाल आणि मी, तिघांनी ठरवलं की गुपचूप जाऊन पाणी बाटल्यांत भरायचं, तपासून घ्यायचं आणि उरलेल्या बाटल्या कलेक्टर कचेरीतल्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर नेऊन मांडायच्या. यावेळी पाटलांना सांगायचं नाही. म्हणून सगळं मेलवर ठरवलं. तोंडातनं एक शब्द नाही!

ठरलेल्या दिवशी सकाळी पाटील दुकानात हजर. चहाचा घोट घेऊन म्हणाले, “पाणी भरायला काचंच्या बाटल्या नेऊ नगा हां. फुटत्यात.”

आम्ही तिघांनी कप खाली ठेवले. मी विचारलं, “तुमास्नी कुणी सांगितलं?”

पाटलांनी आढ्याकडं बोट केलं. “वरनं आलंय.”

आम्ही ओढ्यावर गेलो. पाणी असं नितळ, की तळातला खडा दिसावा! आदल्या दिवशीपर्यंत डांबरासारखं काळं होतं. अण्णा हातात रिकामी बाटली धरून काठावर बसून राहिले. मला म्हणाले, “बापू, आमचा मेल सरकारनं वाचला ते कळलं. कारखान्याला कुणी वाचून दाखवला?”

*

मी तावातावानं एका सरकारी कचेरीत गेलो. म्हटलं, माझी खासगी पत्रं कोण वाचतंय आणि कुणाच्या हुकमानं, ते लेखी द्या. तिथला साहेब सभ्य होता. बसा म्हणाला, पाणी दिलं.

“असं बघा, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. कोर्टानंच सांगितलंय.”

मला बरं वाटलं. म्हटलं, “तेच तर म्हणतोय मी!”

“म्हणूनच नाव देता येत नाही.”

“का?”

“वाचणाऱ्याच्या खासगीपणाचा भंग होतो!”

*

इथवर हसण्यावारी नेलं असतं. पण कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर कुजबूज सुरू झाली. “सगळ्यांचं पासवर्ड कुणाला ठाऊक? इकबालला!” दुसरा म्हणाला, “आणि शेवटी...” त्यानं वाक्य पुरं केलं नाही. करायची गरजही पडली नाही, सगळ्यांनी माना हलवल्या. मला असा संताप आला म्हणून सांगू! इकबालच्या बापानं या रस्त्यावरच्या प्रत्येक घरचा रेडिओ दुरुस्त केलाय, आणि कट्ट्यावरचे हे शहाणे त्याच रेडिओवर गाणी ऐकून वाढलेत.

वाईट याचं वाटलं की अण्णाही चहाला यायचे थांबले. दूध घालायचे आणि मान खाली घालून तसेच पुढं निघायचे.

एकदा इकबालनंच त्यांना रस्त्यात अडवलं. “अण्णा, तुमच्या म्हशीचं नाव अख्ख्या शाहूपुरीला ठाऊक हाय. मग चोर म्हणून मीच का गावलो?”

अण्णा त्याला वळसा घालून पुढं गेले. इकबाल दुकानात आला आणि दुपारभर एकच स्क्रू काढत आणि बसवत बसला. मला म्हणाला, “बापू, दुकान इकून जावं म्हणतो सांगलीला. हितं आता मान वर करून बसता येणार न्हाय.”

*

मग मीच अण्णांना गाठलं. त्यांच्या फोनवर नवं खातं काढलं, माझ्या फोनवर दुसरं. पासवर्ड ज्याचा त्यानं घातला. अण्णांना बजावलं, “ह्यो ओरडून इचारायचा न्हाय!” इकबालला यातलं अवाक्षर सांगितलं नाही. मग अण्णांसमोर बसूनच मी त्यांना मेल टाकला: रविवारी सकाळी तुमच्या गोठ्यावर मोठी बैठक. पुण्याहून वकीलबाई येणार. नंतर तांबडा-पांढरा रस्सा.

बैठक नव्हती, वकीलबाई नव्हती, आणि मटणाचा तर पत्ताच नव्हता.

अण्णा म्हणाले, “पाटील आला न्हाय, तर इकबालच. आला, तर मी इकबालच्या पाया पडतो.”

रविवारी इकबालला गाडीवर मागं बसवलं आणि गोठ्याकडं निघालो. वाटेत त्याला सगळं सांगितलं. तो माझा खांदा घट्ट धरून बसला.

गोठ्यात आम्ही तिघं आणि चंद्री. बराच वेळ कुणी आलं नाही. अण्णा इकबालकडं बघेनात, इकबाल रस्त्यावरची नजर काढेना. मला तर वाटलं, मीच पोराचा घात केला.

आणि बांधावरनं बुलेटचा आवाज आला!

पाटील, मागं कॅमेरा घेतलेला एक हवालदार, आणि त्यांच्या मागनं जीपमधनं आणखी तिघं. पाटलांनी गोठा बघितला, आम्हाला बघितलं, चंद्रीला बघितलं.

अण्णा उठले आणि थेट इकबालच्या पायाकडं वाकले. इकबालनं त्यांना मधेच धरलं. “ऱ्हाऊ द्या अण्णा. च्या टाका.” दोघांचेही डोळे भरले होते. पाटलांना काही उमगेना.

“अण्णा, बैठक कुठाय? आम्ही सकाळपास्नं काय खाल्लेलं न्हाय ओ. रश्श्याचं काय झालं?”

इकबालनं डोळे पुसले आणि मान वर करून म्हणाला, “बैठक रद्द झाली की साहेब. सकाळीच मेल टाकलाय बापूंनी. अजून वरनं आला न्हाय व्हय?”