हातावरचं मीठ

पुसदच्या बसस्थानकाबाहेर काकड्या विकणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. ऑफिस सुटलं की रोज तिथे थांबायचो. त्या काकडी चिरून आत तिखट-मीठ भरायच्या, तरी मी वरून आणखी मीठ मागायचो. ते त्या पळसाच्या पानावर ठेवायच्या. मीठ हातावर दिलं की भांडण होतं, असं त्या मानत.

तेव्हा माझं वजन शंभरीच्या पुढे होतं. मीठ कमी करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते मी घरी सांगितलंच नव्हतं.

एके दिवशी त्या म्हणाल्या, "भाऊ, खाली बसलं का लोकाइचे पायच दिसते मले. तुमचे लय सुजून राह्यले. सँडलचा पट्टा बी लागत नाही."

मी हसून नेहमीसारखं मीठ मागितलं. त्यांनी चिमूटभर मीठ थेट माझ्या तळहातावर ठेवलं.

"घ्या, झालं आपलं भांडन. आता मले वरतून मीठ मांगाचं नाही."

आज पट्टा सहज लागतो. त्यांचे उपकार कसे फेडू, कळत नाही. काकडी मात्र रोज घेतो, आणि ते भांडण आम्ही दोघांनीही अजून मिटवलेलं नाही.